स्टेपर मोटर पळताना किती जोर देते? निवडीपासून वायरिंगपर्यंत

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत स्टेपर मोटर, म्हणजे एकेक ठरावीक पाऊल टाकत फिरणारी मोटर, घ्यायला गेलं, की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती किलोची देऊ?" दहा किलोची, एकोणीस किलोची, अशीच या मोटरींची ओळख पडून गेली आहे. हे किलो म्हणजे किलो-सेंटीमीटर. शाफ्टच्या केंद्रापासून एक सेंटीमीटरवर टांगलेलं तेवढं वजन मोटर धरून ठेवू शकते, असा त्याचा अर्थ. १० किलो-सेंटीमीटर म्हणजे सुमारे १ न्यूटन-मीटर आणि १९ म्हणजे सुमारे १.८६ न्यूटन-मीटर. आकडा खोटा नसतो, पण तो मोटर उभी असतानाचा असतो. वाइंडिंगमधून, म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांतून, पूर्ण करंट वाहतो आहे, शाफ्ट जागच्या जागी आहे आणि बाहेरून कुणीतरी तो फिरवू पाहतंय, अशा वेळी मोटर किती जोराने अडून बसते, ते यातून कळतं. याला होल्डिंग टॉर्क म्हणतात, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर.

मशीनचं काम मात्र शाफ्ट फिरत असताना होतं. आणि स्टेपर मोटरचा टॉर्क वेग वाढेल तसा घसरत जातो. उभी असताना एक न्यूटन-मीटर देणारी मोटर मिनिटाला हजार फेऱ्यांवर त्याचा चौथा हिस्साही देत नाही, असं सहज घडतं. तीच मोटर, तोच वेग, पण सप्लाय २४ ऐवजी ४८ व्होल्टचा केला, तर चित्र बदलतं. म्हणून दुकानात जाण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर कागदावर काढलेलं असावं: मला हव्या त्या वेगाला, माझ्याकडच्या व्होल्टेजवर, ही मोटर किती टॉर्क देईल? ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड) कोणता, तारा कशा जोडायच्या, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) केवढा, हे सगळं या प्रश्नाच्या पाठोपाठ येतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक मशीन समोर ठेवू. लाकूड, ॲक्रिलिक आणि कधीमधी ॲल्युमिनियमची पट्टी कापणारा छोटा सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणारा) राउटर. त्याचा झेड अक्ष, म्हणजे स्पिंडल (कापणारं टूल धरून फिरवणारी मोटर) वर-खाली नेणारा भाग. स्पिंडल आणि त्याची प्लेट मिळून ६ किलो. खाली १६ मिलिमीटर व्यासाचा, एका फेरीत ५ मिलिमीटर सरकणारा, ४०० मिलिमीटर लांबीचा बॉलस्क्रू, बाजारात ज्याला १६०५ म्हणतात तो. बॉलस्क्रू म्हणजे ज्याचा नट आतल्या गोळ्यांवर सरकतो असा स्क्रू. भरधाव सरकण्याचा वेग मिनिटाला ३००० मिलिमीटर हवा आहे.

मोटरच्या आत

आज वर्कशॉपमध्ये दिसणाऱ्या बहुतेक स्टेपर मोटरी हायब्रिड जातीच्या असतात. रोटरमध्ये एक चुंबक आणि त्याच्या दोन टोकांना दोन दातेरी टोप्या. प्रत्येक टोपीवर ५० दाते, आणि एका टोपीचे दाते दुसरीच्या दात्यांपेक्षा अर्ध्या दात्याने सरकवलेले. बाहेरच्या स्टेटरवर दोन फेजची वाइंडिंग, त्यांना ए आणि बी म्हणू. या दोन फेजमधल्या करंटची दिशा ठरावीक क्रमाने बदलत गेलं, की रोटर एकेक पाऊल पुढे सरकतो. चार पावलांत तो बरोबर एक दाता ओलांडतो. दोन दात्यांमधलं अंतर ७.२ अंश, म्हणून एक पाऊल १.८ अंशांचं आणि पूर्ण फेरी २०० पावलांची. ०.९ अंशांच्या मोटरी मिळतात, त्यांच्या रोटरवर १०० दाते असतात. 'चार पावलांत एक दाता' हे लक्षात ठेवा, शेवटी स्टेप सुटण्याचं, म्हणजे पावलं चुकण्याचं, कारण शोधताना ते कामी येणार आहे.

प्रत्येक पाऊल अगदी काटेकोर १.८ अंशांचं पडत नाही. चांगल्या मोटरमध्ये चूक पावलाच्या ५ टक्क्यांपर्यंत असते, आणि ती साठत जात नाही. आपल्या ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर ही चूक ०.००१२५ मिलिमीटर भरते. लाकडाच्या राउटरला याची फिकीर करण्याचं कारण नाही. फिकीर करायची ती दुसऱ्याच गोष्टीची: साध्या स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत हे कंट्रोलरला सांगण्याची सोय नसते. कंट्रोलर पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, पाठवतो आणि मोटर हललीच असेल असं धरून चालतो. भार झेपला नाही तर ही मोटर इतर मोटरींसारखी थोडी मंदावत नाही, तिची लय तुटते आणि ती थांबते किंवा घसरते. थोडा जास्त भार क्षणभर सोसण्याची मुभा तिच्याकडे नसते. म्हणूनच हिशोबाअंती निघालेला टॉर्क दुप्पट करून घ्यायची पद्धत आहे, आणि ती पाळावी.

आकाराबद्दल थोडक्यात. नेमा १७, २३, ३४ हे आकडे मोटरच्या पुढच्या चौकोनी तोंडाचे आहेत, इंचाच्या दहाव्या भागात. नेमा १७ म्हणजे १.७ इंच, साधारण ४२ मिलिमीटर. नेमा २३ साधारण ५७ आणि नेमा ३४ साधारण ८६ मिलिमीटर. या आकड्यावरून बोल्टची भोकं कुठे बसतील एवढंच नक्की कळतं: नेमा १७ ला ३१ मिलिमीटर अंतरावर, नेमा २३ ला ४७.१४ मिलिमीटरवर. ताकद त्यातून कळत नाही. एकाच तोंडाच्या मोटरी आखूड आणि लांब मिळतात, आणि लांबीप्रमाणे टॉर्क बदलतो. नेमा २३ चा शाफ्ट ६.३५ किंवा ८ मिलिमीटरचा येतो, तेव्हा कपलिंग घेण्याआधी शाफ्टला कॅलिपर लावून पाहावा.

भाराचा हिशोब

झेड अक्षाच्या मोटरला कशाकशाशी झुंजायचं आहे? सगळ्यात आधी वजन: ६ किलो गुणिले ९.८, म्हणजे ५९ न्यूटन, कायम खाली ओढणारं. कापताना टूलवर उलटा येणारा जोर ८० न्यूटन धरू. रेल, नट आणि सील यांच्या घर्षणाचे १० न्यूटन. आणि वेग घेताना लागणारं बळ: दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवायचा तर ६ गुणिले ०.५, म्हणजे ३ न्यूटन. एकूण १५२ न्यूटन. खरं तर कापणं आणि भरधाव सरकणं एकाच वेळी होत नाही, पण हिशोबात हात सैल ठेवलेला बरा.

या सरळ रेषेतल्या बळाचा टॉर्क असा काढतात: बळ गुणिले एका फेरीतलं सरकणं, भागिले ६.२८, भागिले स्क्रूची कार्यक्षमता. बॉलस्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरायला हरकत नाही. १५२ गुणिले ०.००५ भागिले ६.२८ भागिले ०.९, उत्तर ०.१३ न्यूटन-मीटर. साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू असता तर कार्यक्षमता बरीच खाली आली असती आणि टॉर्क त्या प्रमाणात वाढला असता.

इथे बरेच जण थांबतात, पण अजून एक भार राहिला आहे: फिरणाऱ्या वस्तूंना वेग देण्याचा. जडत्वाचा, म्हणजे वेग बदलताना वस्तू करते त्या विरोधाचा, हिशोब केला तर एक मोठी गंमतीची गोष्ट दिसते. ६ किलोचा स्पिंडल ५ मिलिमीटरच्या स्क्रूमधून मोटरला केवळ ३८ ग्रॅम-सेंटीमीटर वर्ग इतका जाणवतो. स्वतः बॉलस्क्रूच्या लोखंडी दांड्याचं जडत्व सुमारे २०० आहे. आणि ५६ मिलिमीटर लांबीच्या नेमा २३ मोटरच्या रोटरचं साधारण ३००. म्हणजे वेग घेताना मोटर स्पिंडलसाठी फारशी राबत नाही, ती स्क्रूला आणि स्वतःला फिरवण्यातच टॉर्क खर्च करते. आपल्या उदाहरणात हा खर्च ०.०३ न्यूटन-मीटर येतो. म्हणून 'मोठी मोटर लावली की मशीन चपळ होईल' हे दर वेळी खरं ठरत नाही. मोठ्या मोटरचा रोटरही जड असतो.

आता हेच ६ किलो स्क्रूऐवजी पट्ट्यावर घ्या, थ्रीडी प्रिंटरवर असतो तसा २ मिलिमीटर पिचचा पट्टा आणि २० दात्यांची पुली. एका फेरीत ४० मिलिमीटर सरकतं, म्हणजे स्क्रूच्या आठपट. जडत्व त्याच्या वर्गाने वाढतं: चौसष्टपट. तेच ६ किलो आता सुमारे २४०० ग्रॅम-सेंटीमीटर वर्ग होऊन मोटरच्या मानगुटीवर बसतात. स्टेपरसाठी भाराचं जडत्व रोटरच्या दहापटीच्या आत ठेवावं, असा कामचलाऊ नियम आहे. स्क्रूवर आपण एकपटीच्याही आत आहोत, पट्ट्यावर आठपटीला पोचलो असतो. नेमा १७ सारखा हलका रोटर असता तर मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलो असतो.

तर एकूण ०.१३ अधिक ०.०३, म्हणजे ०.१६ च्या थोडा वर. दुप्पट करून ०.३३ न्यूटन-मीटर. वेग: मिनिटाला ३००० मिलिमीटर भागिले ५, म्हणजे ६०० फेऱ्या. दुकानदाराला विचारायचा प्रश्न तयार झाला: ६०० आरपीएमवर ०.३३ न्यूटन-मीटर देणारी मोटर कोणती? उत्तर मोटरच्या डेटाशीटमधल्या टॉर्क आणि वेगाच्या आलेखात असतं. तो आलेख कोणत्या व्होल्टेजवर काढला आहे, ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि ते वाचल्याशिवाय आलेखाला अर्थ नाही. आलेखच न देणाऱ्या विक्रेत्याकडून उत्पादनाच्या मशीनसाठी मोटर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

व्होल्टेजचं कोडं

बाजारात सहज मिळणारी एक नेमा २३ मोटर घेऊ: होल्डिंग टॉर्क १.२६ न्यूटन-मीटर, करंट २.८ अँपियर, वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.९ ओहम, इंडक्टन्स २.५ मिलिहेन्री. लेबलवर व्होल्टेज लिहिलेलं असतं २.५ व्होल्ट. नवशिक्याचा इथे हमखास गोंधळ होतो. अडीच व्होल्टची मोटर ३६ व्होल्टवर लावली तर जळणार नाही का?

ते २.५ व्होल्ट म्हणजे २.८ गुणिले ०.९, एवढंच. मोटर उभी असताना पूर्ण करंट वाहायला तेवढं व्होल्टेज पुरतं. फिरायला लागली की हिशोब बदलतो, कारण करंटची दिशा सतत उलटवावी लागते आणि इंडक्टन्स त्या बदलाला विरोध करतो. पोती लादलेल्या हातगाडीसारखं आहे: ती चटकन हलत नाही, हललेली चटकन थांबत नाही, आणि तिला लवकर उलट्या दिशेला न्यायचं तर जोर जास्त लावावा लागतो. इथे जोर म्हणजे व्होल्टेज.

आकड्यांत पाहू. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेऱ्या, २००० पावलं. प्रत्येक फेजला दर दोन पावलांनी करंट उलटा करावा लागतो, म्हणजे हातात फक्त १ मिलिसेकंद. तेवढ्यात करंट उणे २.८ पासून अधिक २.८ पर्यंत जायचा आहे. २४ व्होल्टवर यातला ०.५८ मिलिसेकंद नुसता करंट उलटण्यात जातो. ४८ व्होल्टवर ०.२९ मिलिसेकंद. आणि अडीच व्होल्टवर तो वेळेत पोचतच नाही. शिवाय फिरता रोटर स्वतः उलटं व्होल्टेज निर्माण करतो आणि ते वेगाबरोबर वाढतं, त्यामुळे प्रत्यक्षातली परिस्थिती या आकड्यांपेक्षा कठीण असते. करंट पुरता चढला नाही की टॉर्क पुरता मिळत नाही. वेगाबरोबर टॉर्क घसरतो तो यामुळे.

जास्त व्होल्टेजने मोटर जळत नाही, कारण आजचे ड्रायव्हर चॉपर पद्धतीचे असतात. करंट ठरवलेल्या आकड्याला पोचला की ते सप्लाय तोडतात, उतरला की पुन्हा जोडतात, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. व्होल्टेज कितीही असलं तरी करंट आपण सेट केला तेवढाच राहतो. तरीही व्होल्टेजला वरची हद्द आहेच, नाहीतर चुंबकीय नुकसान वाढून मोटर विनाकारण तापते. सीएनसीच्या जगात रुळलेला अंदाज असा: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. आपल्या मोटरसाठी १.५८ गुणिले ३२, म्हणजे सुमारे ५० व्होल्ट. यावरून आणखी एक सोपा धडा मिळतो: दोन मोटरींचा होल्डिंग टॉर्क सारखा असेल, तर वेगाच्या कामासाठी कमी इंडक्टन्सची आणि जास्त करंटची मोटर उचलावी. ५ किंवा १० मिलिहेन्रीची मोटर हळू फिरणाऱ्या, धरून ठेवणाऱ्या कामाला चालते, भरधाव अक्षाला नाही.

ड्रायव्हर आणि मायक्रोस्टेप

छोट्या नेमा १७ साठी ए४९८८, डीआरव्ही८८२५ किंवा टीएमसी२२०९ असे बोटाएवढे बोर्ड मिळतात. पहिला ३५ व्होल्टपर्यंत चालतो, पण थंड करण्याची सोय नसेल तर साधारण १ अँपियरच देतो. टीएमसी२२०९ हळू वेगात अतिशय शांत चालतो, मात्र त्याची हद्द २९ व्होल्ट आहे. आपल्या २.८ अँपियरच्या मोटरला यातला एकही पुरणार नाही. तिच्यासाठी डीएम५४२ जातीचा डबाबंद ड्रायव्हर योग्य: २० ते ५० व्होल्ट, ४.२ अँपियर पीकपर्यंत, करंट आणि मायक्रोस्टेप (एका पावलाचे केलेले बारीक भाग) बाजूच्या डिप स्विचांनी, म्हणजे चिमुकल्या स्विचांच्या पट्टीने, ठरतात. ड्रायव्हर ५० व्होल्टचा आहे म्हणून ४८ व्होल्टचा सप्लाय लावण्याचा मोह आवरावा. मोटर एकदम थांबताना जनरेटरसारखी वागते आणि सप्लायचं व्होल्टेज वर ढकलते. दोन व्होल्टची मोकळी जागा तिथे कमी पडते. ३६ व्होल्ट हा चांगला सुवर्णमध्य.

करंटच्या तक्त्यात पीक आणि आरएमएस असे दोन रकाने असतात, पीक म्हणजे करंटचा कमाल आकडा आणि आरएमएस म्हणजे पीकच्या सुमारे ०.७ पट. मोटरवरचे २.८ अँपियर आपण पीकच्या रकान्यातल्या २.८४ शी जुळवावे आणि मशीन चालवून पाहावं. टॉर्क पुरला तर तिथेच थांबावं. उभ्या मोटरचा करंट आपोआप अर्धा करण्याचा एक स्विच असतो. आडव्या अक्षांना तो चालू ठेवावा. झेड अक्षावर अर्ध्या करंटमध्ये स्पिंडल धरून राहतो का, ते आधी तपासावं.

मायक्रोस्टेपबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे: १६ भाग केले की मशीन सोळापट अचूक होतं. पावलाचे भाग जितके जास्त, तितका एकेका भागाचा टॉर्क कमी. पूर्ण पावलाच्या आठ भागांमध्ये एका भागाला होल्डिंग टॉर्कच्या सुमारे २० टक्के मिळतात, सोळा भागांत १० टक्के, बत्तीस भागांत ५ टक्के. घर्षण त्याहून जास्त असेल तर एका मायक्रोस्टेपवर शाफ्ट हलतच नाही, काही साठले की एकदम हलतो. मायक्रोस्टेपचा खरा फायदा चाल मऊ होण्यात आहे. हायब्रिड मोटर साधारण सेकंदाला १०० ते २०० पूर्ण पावलांच्या आसपास स्वतःच्या कंपनाशी सूर जुळवते, थरथरते, कधी त्यातच पावलं चुकते. मायक्रोस्टेपने ही थरथर पुष्कळ कमी होते. आपल्या अक्षासाठी आठ भाग भरपूर: २०० गुणिले ८ भागिले ५, म्हणजे दर मिलिमीटरला ३२० पल्स, आणि पूर्ण वेगात सेकंदाला १६,०००. बहुतेक कंट्रोलर हे सहज देतात.

तारा ओळखणं आणि जोडणं

चार तारांची मोटर सगळ्यात सोपी: दोन फेज, प्रत्येकीच्या दोन तारा. बऱ्याच मोटरींत काळी-हिरवी ही एक जोडी आणि लाल-निळी ही दुसरी असते, पण रंगांवर भरवसा ठेवू नका. मल्टिमीटर लावा. ज्या दोन तारांत ०.९ ओहमसारखा छोटा रेझिस्टन्स दिसतो, ती एक जोडी. मीटर जवळ नसेल तर कुठल्याही दोन तारांची उघडी टोकं एकमेकांना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. जोडी बरोबर असेल तर शाफ्ट जड लागेल. एका जोडीच्या दोन तारा आपसांत बदलल्या तर मोटर फक्त उलट फिरते, काही बिघडत नाही. एका जोडीची तार दुसरीत गेली, तर मोटर जागच्या जागी थरथरते.

सहा तारा असतील तर प्रत्येक फेजच्या मधोमध एक तार काढलेली असते. टोकापासून टोकापर्यंतचा रेझिस्टन्स हा टोकापासून मधल्या तारेपर्यंतच्या दुप्पट दिसतो, त्यावरून मधली ओळखायची. आजच्या ड्रायव्हरला दोनच टोकं द्यायची असतात. पूर्ण वाइंडिंग वापरलं तर हळू वेगात टॉर्क चांगला, पण इंडक्टन्स चौपट. टोक आणि मधली तार घेऊन अर्धंच वाइंडिंग वापरलं तर इंडक्टन्स कमी आणि वेगात जास्त बरी चाल. न वापरलेली तार मोकळी सोडावी, मात्र तिच्या टोकावर स्लीव्ह चढवून ती नीट बंद करावी. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधल्या छोट्या २८बीवायजे-४८ मोटरला पाच तारा असतात. तिच्या दोन्ही फेजच्या मधल्या तारा आतच एकत्र केलेल्या असल्यामुळे ती या ड्रायव्हरवर जशीच्या तशी लागत नाही.

आठ तारांच्या मोटरमध्ये चारही अर्धी वाइंडिंग सुटी येतात आणि निवड तुमच्या हातात राहते. एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडली तर लेबलवरच्या एका वाइंडिंगच्या करंटचा ०.७ पट करंट लागतो आणि इंडक्टन्स चौपट होतो. समांतर, म्हणजे पॅरलल जोडली तर करंट १.४ पट लागतो, इंडक्टन्स मूळचाच राहतो. वेगवान अक्षाला पॅरलल, आणि ड्रायव्हर तेवढा करंट देणारा. इथे ध्रुव चुकवू नये. पॅरललमध्ये एक वाइंडिंग उलटं लागलं तर दोन्हींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात, टॉर्क जातो आणि ड्रायव्हर ट्रिप होतो. आठ तारांना डेटाशीटमधली आकृती समोर ठेवूनच हात लावावा.

ड्रायव्हर चालू असताना मोटरची तार काढू किंवा लावू नये. वाहता करंट तोडला की इंडक्टन्स मोठं व्होल्टेज उसळवतो आणि ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर तत्काळ जातात. ढिली तारही हेच करते. म्हणून टर्मिनलमध्ये तारेचे सुटे केस न घालता लग (तारेच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबून घालावा, आणि हलणाऱ्या अक्षाची केबल ड्रॅग चेनमध्ये चालेल अशी लवचीक घ्यावी.

सप्लायचा आकार ठरवताना मोटरींचा करंट नुसता बेरीज करत नाहीत. चॉपर ड्रायव्हर ३६ व्होल्टवरून थोडाच करंट घेऊन मोटरला कमी व्होल्टवर जास्त करंट देतो. बेरजेचा दोन-तृतीयांश पुरतो. अशा तीन मोटरींना ५.६ अँपियर, म्हणजे ३६ व्होल्टचा ३५० वॅटचा एसएमपीएस आरामात झेपतो. प्रत्येक ड्रायव्हरला सप्लायपासून स्वतंत्र जोडी तारा न्याव्या. एका ड्रायव्हरवरून दुसऱ्यावर उड्या मारत नेल्या तर एकाचा विजेचा गोंगाट दुसऱ्यात उतरतो. मोटरची केबल शिल्डवाली (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) घेऊन शिल्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करावी. मोटरची बॉडी आणि मशीनचा सांगाडा अर्थिंगला जोडलेला असावा. लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणाऱ्या स्विचच्या) तारा मोटरच्या केबलपासून लांब न्याव्या आणि स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं ठेवणारा) घ्यावा, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबतं.

सिग्नलच्या बाजूला पल्स, डायरेक्शन (दिशा) आणि एनेबल (ड्रायव्हर चालू-बंद करणारा), प्रत्येकाचं अधिक आणि उणे टर्मिनल असतं. आत ऑप्टोकपलरची (सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणाऱ्या भागाची) एलईडी आहे, ती ५ व्होल्टसाठी बनवलेली. कंट्रोलर ५ व्होल्टचा असेल तर थेट जोडा. पीएलसीचं (कारखान्यातल्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरचं) २४ व्होल्ट आउटपुट असेल तर प्रत्येक सिग्नलमध्ये २ किलो-ओहमचा रेझिस्टर हवा, नाहीतर एलईडी जाते. काही नव्या ड्रायव्हरांवर ५ आणि २४ व्होल्टचा निवड स्विच दिलेला असतो. एनेबल काहीही न जोडता सोडलं तरी ड्रायव्हर चालू राहतो.

बॉलस्क्रूच्या झेड अक्षाबद्दल एक गोष्ट विसरून चालणार नाही. लाइट गेली की मोटरचा टॉर्क जातो, आणि बॉलस्क्रू इतका सहज फिरतो की ६ किलोचा स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली येतो. आपल्याकडे लाइट जाणं ही काही अपूर्वाई नाही. खाली कुणाचा हात असू शकतो. लाइट गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक असलेली मोटर घ्यावी किंवा स्पिंडलचं वजन तोलणारी गॅस स्प्रिंग बसवावी.

मोटर तापली, स्टेप सुटली

स्टेपर मोटर उभी असतानाही करंट घेते, म्हणून तापते. आपल्या मोटरमध्ये दोन्ही फेजना २.८ अँपियर असतील तर नुसत्या तांब्यात १४ वॅट उष्णता होते. बॉडी ७०-८० अंशांपर्यंत जाणं तिच्यासाठी नेहमीचं आहे. वाइंडिंगचं इन्सुलेशन बहुधा १३० अंशांच्या वर्गाचं असतं. पण नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात शेडमधलीच हवा ४५ अंशांची असते, तिथे करंट एक पायरी खाली घ्यावा. मोटरचा ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा छापला असेल तर तो ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतो. मोटर ठीक राहते, ब्रॅकेट वाकतो.

जॉबचं माप चुकू लागलं तर आधी चूक किती आहे ते डायल गेजने मोजा. मोटरची लय तुटते तेव्हा रोटर पूर्ण दाते ओलांडून पुन्हा पकड घेतो, म्हणजे चूक चार पावलांच्या पटीत पडते. ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर एक दाता म्हणजे ०.१ मिलिमीटर. चूक ०.१, ०.२, ०.३ अशा उड्यांनी येत असेल तर टॉर्क अपुरा पडतो आहे: प्रवेग कमी करा, सप्लायचं व्होल्टेज पाहा, रेल कुठे अडते का ते हाताने सरकवून पाहा.

चूक याहून बारीक असेल आणि कधी इकडे कधी तिकडे जात असेल, तर पल्समध्ये गोंगाट शिरतो आहे, मग शिल्ड आणि अर्थिंग तपासायचं. आणि चूक नेहमी एकाच दिशेला, दिशा बदलण्याच्या प्रत्येक वेळी एकेक मायक्रोस्टेपने, म्हणजे ०.००३ मिलिमीटरने वाढत असेल, तर मोटर आणि यंत्र दोन्ही निर्दोष आहेत. दिशेचा सिग्नल पल्सच्या फार जवळ येतो आहे. डीएम५४२ ला दिशा पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी ठरलेली लागते. कंट्रोलरमध्ये हा अवधी वाढवावा, आणि तरी चूक राहिली तर पल्सची ध्रुवता उलटी करावी, कारण ड्रायव्हर पल्सची नेमकी दुसरी कड मोजत असण्याची शक्यता असते. हजारेक वेळा वर-खाली चालवून डायल गेज पुन्हा शून्यावर येतो का, ते पाहावं आणि मगच जॉब चढवावा.